बर्मीज मांजर : स्वभाव, पूर्वपीठिका आणि संगोपन

बर्मीज ही आखूड, तुळतुळीत केसांची, दाट तपकिरी वर्णाची आणि माणसाच्या सहवासाची अतोनात ओढ असलेली मांजराची जात आहे. मांजराचा जीव माणसावर नव्हे तर घरावर जडतो, असे आपल्याकडे म्हटले जाते. बर्मीजच्या बाबतीत हे म्हणणे उलटे ठरते. घर बदलल्याचे दुःख हे मांजर फारसे मानत नाही. घरात दिवसभर माणूस नसेल तर मात्र ते अस्वस्थ होते.

वंशावळीची नोंद असलेली जात म्हणून बर्मीजचा इतिहास शंभर वर्षांचाही नाही. आज जगभरात आढळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बर्मीज मांजराची वंशावळ १९३० मध्ये अमेरिकेत पोहोचलेल्या एका लहानशा मांजरीपर्यंत जाते. इतक्या अरुंद पायावर उभ्या राहिलेल्या या जातीने लाघवी स्वभावाबरोबर काही दुखणीही वारशाने आणली आहेत. त्यामुळे हे मांजर पाळू इच्छिणाऱ्याने स्वभावाच्या वर्णनावर न थांबता वंशाची हकीकतही समजून घेणे आवश्यक आहे.

नाव आणि मूळ भूमी

बर्मीज म्हणजे ब्रह्मदेशाचे. थिबा राजाच्या रत्नागिरीतील बंदिवासामुळे आणि लोकमान्य टिळकांच्या मंडालेतील कारावासामुळे ब्रह्मदेश हे नाव मराठी वाचकाला परके नाही. १ एप्रिल १९३७ पर्यंत हा प्रदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता; म्हणजे या जातीची आद्य मांजरी पश्चिमेकडे गेली तेव्हा तिची मायभूमी कागदोपत्री हिंदुस्थानात मोडत होती. १९८९ मध्ये देशाचे इंग्रजी नाव बदलून म्यानमार झाले, मांजराचे नाव मात्र जुनेच राहिले. बर्मीज आणि बर्मन यांत गल्लत होऊ नये. बर्मन ही लांब केसांची, निळ्या डोळ्यांची आणि पांढऱ्या पंजांची वेगळी जात असून तिचा विकास फ्रान्समध्ये झाला.

तपकिरी मांजरांचा माग ब्रह्मदेशापुरता मर्यादित नाही. थायलंडमधील मांजरविषयक जुन्या सचित्र पोथ्यांत शुभ लक्षणांच्या मांजरांची वर्णने असून त्यांत ताम्रवर्णी मांजराचा समावेश आहे. थाई भाषेत त्याला ‘सुफलक’ म्हणतात. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या जिंकली तेव्हा विजेत्यांनी ही मांजरे लुटीबरोबर नेली, अशी आख्यायिका तिकडे सांगितली जाते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. गडद तपकिरी रंग आणि सयामी मांजरांचा केवळ टोकांना गडद असणारा रंग ही एकाच जनुकाची दोन रूपे आहेत आणि ती दोन्ही आग्नेय आशियातील मांजरांत फार पूर्वीपासून एकत्र नांदत आहेत, हे मात्र निश्चित. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्येही अशी काही तपकिरी मांजरे दिसली होती. त्या वेळी त्यांना ‘चॉकलेटी सयामी’ समजण्यात आले आणि त्यांचा वंश पुढे टिकला नाही.

वाँग माऊ

डॉ. जोसेफ चीझमन थॉम्पसन (१८७४-१९४३) हे अमेरिकी नौदलातील वैद्यक अधिकारी होते. सर्पशास्त्र आणि मनोविश्लेषण यांतही त्यांना रस होता आणि निवृत्तीनंतर सॅन फ्रान्सिस्को येथे ते सयामी मांजरांची पैदास करीत असत. १९३० मध्ये त्यांच्याकडे ब्रह्मदेशातून एक लहानखुरी, अक्रोडाच्या रंगाची मांजरी आली. तिचे नाव वाँग माऊ. यातील ‘माऊ’ हा शब्द मराठी कानाला ओळखीचा वाटेल. थाई भाषेतही मांजराला जवळपास याच उच्चाराचा शब्द आहे. मांजराच्या आवाजावरून त्याचे नाव पाडण्याची कल्पना दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचलेली दिसते.

वाँग माऊ ही एक गडद रंगाची सयामी मांजरीच आहे, असे अनेक जाणकारांचे मत पडले. थॉम्पसन यांना ते पटले नाही. अमेरिकेत तिच्यासारखा बोका उपलब्ध नव्हता, म्हणून त्यांनी ताई माऊ या सयामी बोक्याशी तिचा संकर घडवून आणला. पिल्ले दोन तऱ्हांची झाली. काही नेहमीच्या सयामी मांजरांसारखी फिकट अंगाची व काळसर तोंडाची, तर काही आईसारखी मध्यम तपकिरी. पुढे वाँग माऊचा तिच्याच तपकिरी पुत्राशी, येन येन माऊशी, संकर करण्यात आला आणि त्या वेतात तिसरी तऱ्हा प्रकट झाली. ही पिल्ले आईपेक्षाही गडद, एकसारख्या रंगाची होती. अशा दोन गडद मांजरांचा संकर केल्यास सर्व पिल्ले गडदच निपजतात, हेही लक्षात आले.

याचा अर्थ असा की, वाँग माऊ ही स्वतः संकरित होती. तिच्या अंगी एक जनुक सयामीचे आणि एक बर्मीजचे होते. शुद्ध बर्मीज तिच्या पोटी जन्मले, पण ती स्वतः शुद्ध बर्मीज नव्हती. आजच्या नियमांनुसार तिची नोंद बर्मीज म्हणून होऊ शकली नसती; तिच्यासारख्या मधल्या रंगाच्या मांजरांना आता टाँकिनीज या निराळ्या जातीत गणले जाते. थॉम्पसन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या प्रयोगांचा वृत्तांत १९४३ मध्ये ‘जर्नल ऑफ हेरिडिटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मेंडेलच्या नियमांच्या आधारे एखाद्या मांजर जातीचे वेगळेपण सिद्ध करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

रंगामागील शास्त्र

या रंगाचे गूढ रेणूंच्या पातळीवर उकलण्यास २००५ साल उजाडावे लागले. त्वचेत आणि केसांत रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या जनुकात बर्मीज मांजरात एका ठिकाणी बदल झालेला असतो, तर सयामीत तो दुसऱ्या ठिकाणी असतो. दोन्ही बदलांमुळे हे विकर उष्णतेला नाजूक बनते आणि शरीराच्या थंड भागांत अधिक चांगले काम करते. सयामी मांजराचे कान, तोंड, पाय आणि शेपटी काळी व अंग फिकट दिसते ते यामुळेच. बर्मीजमध्ये हा परिणाम सौम्य असतो. सर्वांग तपकिरी दिसते, परंतु निरखून पाहिल्यास कान आणि तोंड किंचित अधिक गडद व पोट फिकट आढळते. पिल्ले जन्मतः दुधाळ कॉफीच्या रंगाची असतात आणि वाढत्या वयाबरोबर गडद होत जातात. पिल्लू फिकट आहे म्हणून ते अशुद्ध ठरवण्याची घाई करू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही जात अमेरिकेतून ब्रिटनमध्ये गेली. तेथे १९५५ मध्ये निळसर करड्या रंगाचे पिल्लू जन्मास आले आणि पैदासकारांनी कौतुकाने त्याचे नावच ‘सीलकोट ब्ल्यू सरप्राइज’ असे ठेवले. त्यानंतर चॉकलेटी, लायलॅक, तांबूस, क्रीम आणि मिश्र रंगांच्या मांजरांची भर पडली. ब्रिटन व युरोपात असे दहा रंग मान्य आहेत. डोळे सोनेरी पिवळे असावेत, ही अपेक्षा सर्वत्र समान आहे.

दोन चेहरे आणि एक चूक

अमेरिकेतील कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन या संस्थेने १९३६ मध्ये बर्मीजची नोंदणी सुरू केली. मांजरांची संख्या फार कमी असल्याने पैदासकार वारंवार सयामींशी संकर करीत राहिले आणि मूळ रूप विरळ होऊ लागले. परिणामी १९४७ मध्ये मान्यता स्थगित झाली. ती परत मिळण्यास १९५० चे दशक उजाडले. दरम्यान ब्रिटनमधील गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी या संस्थेने १९५२ मध्ये या जातीला मान्यता दिली होती. महासागराच्या दोन बाजूंना मग दोन रूपे घडत गेली. युरोपीय बर्मीज अंगाने सडपातळ असून त्याचा चेहरा त्रिकोणाकडे झुकणारा असतो. अमेरिकी बर्मीज गोल डोक्याचे, आखूड नाकाचे आणि भरीव बांध्याचे असते. दोन्हीही दिसतात त्यापेक्षा वजनदार. मांजरी साधारणतः साडेतीन ते साडेचार किलोग्रॅमची, तर बोका पाच ते सहा किलोग्रॅमचा भरतो. ‘रेशमात गुंडाळलेली वीट’ अशी त्यांची पैदासकारांमध्ये ख्याती आहे आणि मांजर एकदा उचलून पाहिल्यावर तिचा अर्थ कळतो.

अमेरिकी रूपाच्या जडणघडणीत एक गंभीर चूक घडली. १९७० च्या दशकात एका विशिष्ट घराण्यातील मांजरांचा अतिशय गोल आणि आखूड चेहरा प्रदर्शनांत परीक्षकांच्या पसंतीस उतरला. त्या बोक्यांना मागणी वाढली आणि त्यांचा वंश झपाट्याने पसरला. परंतु अशा दोन मांजरांच्या संकरातून सरासरी चारांतील एक पिल्लू भयंकर व्यंग घेऊन जन्माला येऊ लागले. वरच्या जबड्याचा भाग दुहेरी, डोळे अविकसित आणि कवटी अपूर्ण. अशी पिल्ले जगत नाहीत. जिवंत जन्मली तरी त्यांना वेदनारहित मरण द्यावे लागते.

यामागील कारण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. चेहऱ्याच्या घडणीत भाग घेणाऱ्या एएलएक्स१ या जनुकातील बारा अक्षरांचा तुकडा या मांजरांत गळालेला असतो. सदोष जनुकाची एकच प्रत असेल तर चेहरा आखूड व गोल होतो. दोन प्रती असतील तर पिल्लू दगावते. थोडक्यात, परीक्षक ज्या चेहऱ्याला बक्षीस देत होते तो चेहराच या व्यंगाची अर्धी पायरी होता. दोष पैदासकारांच्या ध्यानी बराच आधी आला होता आणि ब्रिटनमध्ये या अमेरिकी घराण्यांना नोंदणीपासून दूर ठेवण्यात आले. अमेरिकेत मात्र कित्येक वर्षे व्यंग असलेली पिल्ले हा त्या रूपाचा अटळ खर्च मानला गेला. आता डीएनए चाचणी उपलब्ध असल्याने अशी जोडी टाळणे सहज शक्य आहे, त्यामुळे अज्ञानाची सबब उरलेली नाही.

बर्मीजपासून अन्य काही जातीही निघाल्या. ब्रिटनमध्ये १९८१ मध्ये लायलॅक रंगाची बर्मीज मांजरी आणि चिंचिला पर्शियन बोका यांची अनपेक्षित गाठ पडली आणि त्यातून बर्मिला ही चंदेरी जात उदयास आली. मराठी वाचकाला अधिक गंमत वाटेल ती ‘बॉम्बे’ या जातीच्या नावाची. अमेरिकेतील केंटकी राज्यात निकी हॉर्नर या पैदासकार महिलेने १९५८ पासून गडद बर्मीज आणि काळ्या अमेरिकन शॉर्टहेअर मांजरांच्या संकरातून ही काळीभोर जात घडवली. हिंदुस्थानातील काळ्या बिबट्याचे छोटेखानी रूप भासावे, या हेतूने तिला बॉम्बे हे नाव देण्यात आले. मुंबईशी तिचा संबंध एवढाच.

स्वभाव

बर्मीज पाळणाऱ्यांच्या कथनात एक गोष्ट हमखास येते. हे मांजर सोबत करते, आणि तीही शब्दशः. स्वयंपाकघरात, देवघरात, स्नानगृहाच्या दारापर्यंत ते माणसाच्या मागोमाग येते. वर्तमानपत्र उघडले की त्यावर बसते, मांडी दिसली की मांडीवर आणि मांडी नसेल तर खांद्यावर. अनेक बर्मीज मांजरे फेकलेला कागदी बोळा उचलून परत आणतात. आवाज सयामीपेक्षा कमी कर्कश व थोडा घोगरा असतो, पण वापर मुबलक. घरी परतलेल्या माणसाशी ती बराच वेळ ‘बोलत’ राहतात.

प्रौढ वयातही त्यांचा खेळकरपणा टिकतो. अनोळखी पाहुण्याला पाहून पलंगाखाली दडणे हे इतर मांजरांचे लक्षण. बर्मीज बहुधा पाहुण्याची पिशवी तपासायला पुढे येते. लहान मुलांशी त्यांचे सहसा जमते, अर्थात मुलांना मांजर हाताळण्याची रीत शिकवलेली असेल तर. मांजरांच्या वर्तनातील काही भाग आनुवंशिक असतो आणि जातीजातींत त्याचे प्रमाण भिन्न असते, असे फिनलंडमधील संशोधकांनी सुमारे ५,७०० मांजरांच्या माहितीवरून २०१९ मध्ये दाखवून दिले. तरीही प्रत्येक पिल्लू जातिवंत म्हणून आपोआप प्रेमळ निघेल, असे गृहीत धरू नये. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांच्या दरम्यान पिल्लाला माणसांचा हात किती लागला, यावर पुढचे बरेच काही ठरते.

या जिव्हाळ्याची दुसरी बाजू म्हणजे एकटेपणा न सोसणे. पती-पत्नी दोघेही सकाळी आठला बाहेर पडून रात्री परतणार असतील, तर एकटे बर्मीज हे त्या घरासाठी योग्य मांजर नव्हे. कंटाळलेले मांजर सतत ओरडते, अंग चाटून केस काढते किंवा कापड चघळू लागते. कापड चावून प्रत्यक्ष गिळण्याची खोड सयामी आणि बर्मीज या दोन जातींत विशेष आढळते. लोकरीच्या वस्तू पहिल्या बळी पडतात, पण सुती पंचा किंवा साडीचा पदरही वर्ज्य नसतो. गिळलेले कापड आतड्यात अडकल्यास शस्त्रक्रियेची वेळ येते, म्हणून याकडे केवळ खोडी म्हणून पाहू नये. अशा घरांत एकाच वेतातील दोन पिल्ले आणणे हा बरा उपाय होय. मात्र बर्मीज बोके आपल्या हद्दीबाबत आग्रही असू शकतात. प्रौढ वयात दुसरे अनोळखी मांजर आणताना ओळख हळूहळू, काही आठवडे घेऊन करून द्यावी.

संगोपन

केसांची निगा हा बर्मीजच्या संगोपनातील सर्वांत सोपा भाग आहे. आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला आणि नंतर ओलसर हाताने अंग पुसले की काम झाले. केसांखाली मऊ लोकरीचा थर जवळजवळ नसल्याने मैदानी प्रदेशातील उन्हाळा हे मांजर लांब केसांच्या पर्शियनपेक्षा सुसह्यपणे काढते. दिल्ली किंवा नागपूरच्या मे महिन्यात सावली, पंखा आणि गार पाणी आवश्यकच. उत्तरेकडील थंडीत मात्र त्याला उबदार जागा लागते आणि बहुधा ती जागा म्हणजे घरातील कोणाची तरी गोधडी असते.

आहाराचा विषय आपल्याकडे अधिक विस्ताराने सांगणे भाग आहे. मांजराला दूध-पोळी घालण्याची आपली जुनी रीत आहे. गावातले मांजर ती खाऊन जगत असे, कारण उरलेली गरज ते उंदीर मारून भागवत असे. सदनिकेत बंद असलेल्या मांजराला उंदीर मिळत नाही. मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही आणि ते केवळ प्राणिज अन्नातून मिळते. टॉरिनअभावी मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ मध्ये दाखवण्यात आले. हृदयाचे स्नायू निकामी होतात, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. भाज्यांतील पिवळ्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमताही त्याच्या शरीरात नाही, तेव्हा गाजर माणसाला कितीही हितकर असले तरी मांजराला निरुपयोगी. बहुतेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. घरात मांसाहार निषिद्ध असेल आणि मांजरासाठी त्याला मुरड घालणे शक्य नसेल, तर मांजर न पाळणे हेच त्या प्राण्याच्या हिताचे आहे. हे मत काहींना कठोर वाटेल, पण मांजराच्या यकृताला आपले आचार समजत नाहीत.

तयार खाद्य देताना ‘परिपूर्ण आहार’ असा स्पष्ट उल्लेख असलेले निवडावे. बर्मीजसाठी प्रथिने अधिक आणि पिष्टमय पदार्थ कमी, असे ओले खाद्य विशेष उपयुक्त ठरते. त्याचे कारण पुढे आजारांच्या संदर्भात आले आहे. कांदा, लसूण आणि त्यांची फोडणी असलेले पदार्थ मांजराच्या रक्तपेशींना घातक असतात. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरील पर्मेथ्रिनयुक्त औषध, लिलीची फुले आणि फरशी पुसण्याचे फिनेल यांच्यापासूनही त्याला दूर ठेवावे. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून चाललेले मांजर नंतर पंजे चाटते, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

बर्मीजला मोकळे बाहेर सोडू नये. ज्याला कोणाचीच भीती वाटत नाही, त्याला मोटारीची आणि भटक्या कुत्र्यांचीही वाटत नाही. उंच इमारतीत गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी बसवणे अनिवार्य समजावे. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी पुष्कळदा मांजर कुरतडते. तिच्याऐवजी घट्ट विणीची मजबूत जाळी घ्यावी. सुतळी गुंडाळलेला खांब नखे घासण्यासाठी आणि उंचावरची एखादी फळी बसण्यासाठी दिल्यास सोफा बराचसा बचावतो. मलमूत्रासाठी वाळूचा ट्रे रोज साफ करावा. दोन मांजरे असल्यास तीन ट्रे ठेवावेत, असे पशुवैद्य सुचवतात. पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी विषाणूंविरुद्धची एकत्रित लस तसेच रेबीजची लस पशुवैद्याच्या वेळापत्रकाप्रमाणे द्यावी. रेबीजची लस घरातच राहणाऱ्या मांजरालाही आवश्यक आहे. पैदास करायची नसेल तर वेळीच नसबंदी करून घ्यावी.

वारशाने येणारे आजार

जगभरातील मांजर जातींच्या २००८ मधील जनुकीय तुलनेत सर्वांत कमी विविधता ज्या जातींत आढळली त्यांत सिंगापुरा आणि बर्मीज या दोन प्रमुख होत्या. एका मांजरीपासून विस्तार झालेल्या वंशात हे अपेक्षितच होते. अशा वंशात सुप्त दोषांच्या दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते.

यातील हायपोकॅलिमिया हा विकार बर्मीज पाळणाऱ्याने अवश्य ओळखावा. रक्तातील पोटॅशियम अधूनमधून घसरते आणि स्नायू दुबळे होतात. काही महिन्यांच्या पिल्लाची मान छातीकडे झुकते, चालताना पाय अडखळतात, उडी मारता येत नाही. काही वेळाने किंवा काही दिवसांनी ते पुन्हा ठीक दिसते. लक्षणे येत-जात असल्याने पिल्लू पडले असावे, असा समज होतो. डब्ल्यूएनके४ या जनुकातील दोष २०१२ मध्ये सापडला आणि त्याची चाचणी आता साध्या गालाच्या पुसणीवरून होते. पोटॅशियमचे पूरक औषध देऊन बहुतेक मांजरे चांगले आयुष्य जगतात, पण मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी.

मधुमेह हा दुसरा आजार. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन येथील बर्मीज मांजरांत तो इतर मांजरांपेक्षा सुमारे साडेतीन ते चारपट अधिक आढळल्याचे अभ्यासांतून दिसून आले आहे. मध्यम वयाच्या, लठ्ठ, नसबंदी झालेल्या बोक्यांना धोका अधिक. पाणी जास्त पिणे, लघवी वाढणे, खाऊनही वजन घटणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित तपासणी करावी. मांजरातील मधुमेह लवकर ओळखून इन्सुलिन आणि योग्य आहार सुरू केल्यास काही मांजरांचे इन्सुलिन पुढे बंदही करता येते. ओल्या, कमी पिष्टाच्या खाद्याचा आग्रह धरला जातो तो यासाठीच.

तिसरा विकार कमी परिचित, पण पाहणाऱ्याला हादरवणारा आहे. मांजर एकाएकी तोंडावर पंजे मारू लागते, जीभ चावते, स्वतःला जखमा करून घेते. चेहऱ्याच्या मज्जातंतूंशी निगडित अशा या वेदनेवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११३ मांजरांची माहिती होती. त्यांपैकी १०० बर्मीज होती. कायमचे दात येण्याचा काळ, दातांचे आजार आणि मानसिक ताण यांमुळे झटके सुरू होऊ शकतात. काही मांजरांत घरातील अन्य मांजरांशी न पटणे हेही कारण आढळले. दात स्वच्छ ठेवण्याला आणि घरातील शांततेला या जातीत औषधाइतकेच महत्त्व आहे ते यामुळे.

हे सर्व वाचून ही जात अल्पायुषी असावी, असा ग्रह होईल. वस्तुस्थिती वेगळी आहे. ब्रिटनमधील सुमारे आठ हजार मांजरांच्या मृत्यूंच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मांजरांचे सरासरी अपेक्षित आयुर्मान ११.७ वर्षे आहे, तर बर्मीजचे १४.४ वर्षे असून ते अभ्यासातील सर्व जातींत अग्रभागी आहे.

भारतात घेताना

भारतात वंशावळीच्या मांजरांमध्ये पर्शियनचे वर्चस्व आहे आणि खात्रीलायक बर्मीज क्वचितच मिळते. कोणतेही तपकिरी मांजर या नावाने विकले जाण्याचा संभव असल्याने मान्यताप्राप्त संस्थेची वंशावळ मागावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नर-मादी दोघांच्या डीएनए चाचण्यांचे अहवाल मागावेत. त्यात पोटॅशियमच्या विकाराची चाचणी असावीच आणि अमेरिकी रूपाचे मांजर असल्यास कवटीच्या व्यंगाचीही. अहवाल दाखवण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये, ते कितीही लाघवी असले तरी. पिल्लू बारा आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ असलेले चांगले. दुकानातून घेत असल्यास त्या दुकानाची २०१८ च्या नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी आहे की नाही, हे पाहावे. परदेशातून मांजर आणायचे असल्यास पशु-विलगीकरण सेवेचे ना-हरकत प्रमाणपत्र प्रवासापूर्वीच मिळवावे लागते.

खुद्द ब्रह्मदेशात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही मांजरे जवळजवळ दिसेनाशी झाली होती. २००८ मध्ये हाँगकाँगस्थित चायना एक्सप्लोरेशन अँड रिसर्च सोसायटी या संस्थेने ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधून काही बर्मीज मांजरे आणून शान राज्यातील इनले सरोवराकाठी त्यांची पैदास सुरू केली. सॅन फ्रान्सिस्कोत घडलेला वंश अशा रीतीने सुमारे ऐंशी वर्षांनी मूळ भूमीत परतला.